पहिले लो-विंग विमान: फोमचे टी-28 ट्रोजन की बाल्साचे फोर-स्टार 40?

रिमोटने उडवायच्या मॉडेल विमानांच्या छंदात वरच्या पंखाच्या (पंख धडाच्या माथ्यावर असलेल्या) प्रशिक्षण-विमानावर हात बसला, उड्डाण घेणे, वळणे आणि उतरवणे या तिन्ही गोष्टी कोणाच्या मदतीविना जमू लागल्या, की पुढचे विमान खालच्या पंखाचे, म्हणजे लो-विंग, असावे असे बहुतेकांना वाटू लागते आणि ते वाटणे अगदी रास्त आहे. अडचण पुढे सुरू होते. लो-विंग म्हटले की डोळ्यांसमोर स्पिटफायर किंवा मस्टँगसारखे लढाऊ विमान उभे राहते, तेच घेतले जाते, आणि पहिल्याच संथ वळणावर त्याच्या एका पंखाचे टोक अचानक खाली जाते. अशा वेळी दोष खालच्या पंखाला दिला जातो. वास्तविक विमान अवघड झालेले असते ते निमुळत्या पंखामुळे, जास्त वजनामुळे आणि एकमेकांच्या फार जवळ बसवलेल्या चाकांमुळे. या तीन गोष्टी टाळल्या तर खालच्या पंखाचे विमान हे दुसरे विमान म्हणून उत्तम असते. या दृष्टीने मी येथे दोन विमानांचे परीक्षण करीत आहे: फोमचे टी-28 ट्रोजन आणि बाल्सा लाकडाचे सिग कंपनीचे फोर-स्टार 40.

आधी वागणुकीतला फरक नीट समजून घेतलेला बरा, कारण निवड त्यावरच अवलंबून आहे. वरच्या पंखाचे विमान आपोआप सरळ होते याचे श्रेय पंखाखाली लोंबणाऱ्या धडाच्या वजनाला दिले जाते, पण त्याचा वाटा लहान आहे. विमान एका अंगावर कलून घसरू लागले की त्या बाजूने येणारी हवा धडावर आदळून वर आणि खाली अशी फाटते. पंख वर असेल तर वर चढणारी हवा त्या अंगाच्या पंखाला उचलते आणि विमान सरळ होऊ लागते. पंख खाली असेल तर तीच हवा खाली वळून त्या पंखाची उचल कमी करते आणि कल वाढतो. हा परिणाम भरून काढण्यासाठी लो-विंग विमानाच्या पंखांची टोके मुळापेक्षा स्पष्टपणे उंच ठेवावी लागतात. या चढाला डायहेड्रल म्हणतात. विमान समोरून पाहिले असता पंख अगदी आडव्या पट्टीसारखा सपाट दिसत असेल, तर ते पहिले लो-विंग म्हणून घेऊ नये, एवढा निकष मी निःसंकोचपणे सांगेन.

टी-28 या कसोटीला पूर्ण उतरते, आणि त्यामागे मूळ विमानाचा इतिहास आहे. नॉर्थ अमेरिकन कंपनीचे टी-28 ट्रोजन 1949 साली प्रथम उडाले ते अमेरिकी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. त्यामुळे त्याचे पंख ठळकपणे वर चढलेले आहेत, शेपूट मोठी आहे, नाकाखाली चाक आहे आणि मुख्य चाके एकमेकांपासून लांब आहेत. मॉडेलमध्ये हे सगळे गुण काही न बदलता उतरतात. सुमारे 1.1 मीटर पंखांचे हे फोमचे मॉडेल हॉरायझन हॉबीने आधी पार्कझोन आणि नंतर ई-फ्लाइट या नावाखाली आणले. तीन सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर ते चालते, चाके पक्की आहेत आणि जुळवणीला फार वेळ लागत नाही. लढाऊ विमानासारखे रुबाबदार दिसणारे आणि तरीही प्रशिक्षण-विमानाची वागणूक राखणारे असे दुसरे रूप सहसा सापडत नाही. माझ्या मते हेच त्याचे मोठे बळ आहे.

हवेत त्याचे वागणे स्वच्छ आहे. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) देऊन विमान कलवावे, रिमोटची काठी मध्यावर आणावी, आणि ते त्याच कलावर राहते. सरळ करायचे तर उलट एलेरॉन द्यावा लागतो. वरच्या पंखाच्या विमानावर शिकलेल्या हाताला हे पहिल्यांदा खटकते, कारण काठी सोडली की विमान आपणहून सावरते अशी त्याला सवय झालेली असते. शिकायचे आहे ते नेमके हेच. थ्रॉटल (मोटरची शक्ती) वाढवल्यावर नाक आकाशाकडे उचलले जाण्याची तक्रारही येथे जवळजवळ नाही, म्हणून संथ लूप (हवेतली उभी गोल गिरकी) आणि सरळ रेषेतला रोल (स्वतःभोवतीची आडवी गिरकी) या विमानावर नीट गिरवता येतो. स्टॉल (वेग कमी पडून पंखाची उचल सुटणे) मात्र मुद्दाम उंचीवर करून पाहावा: थ्रॉटल बंद करून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) हळूहळू ओढत जावे आणि विमान नाक टाकते की पंख टाकते हे डोळ्यांनी पाहून ठेवावे. ज्या वेगाला ते ढिले पडते तो वेग नजरेत बसला की उतरतानाचा निम्मा धोका टळतो.

नव्या आवृत्तीत एएस3एक्स ही जायरोची (हेलकावे ओळखणाऱ्या संवेदकाची) व्यवस्था आणि सेफ सिलेक्ट ही आपोआप सरळ करणारी व्यवस्था मिळते. पहिली वाऱ्याचे धक्के मुरवते पण विमान कलते ठेवायचे की नाही हा निर्णय आपल्याकडेच सोडते. दुसरी व्यवस्था, काठी सोडताच, पंख आडवे करते आणि कलाला मर्यादा घालते. पहिल्या एकदोन उड्डाणांना दुसरी स्विचवर हाताशी असावी, पण कायम चालू ठेवू नये. ती चालू असेपर्यंत खालच्या पंखाचे विमान वरच्या पंखाच्या विमानासारखेच वागते, आणि मग या खरेदीचा हेतूच बाजूला पडतो.

मर्यादा आहेत. नाकाचे चाक उंच गवतात अडकले तर भार चाक धरणाऱ्या तारेवर आणि तिच्या बैठकीवर येतो, म्हणून गवत बारीक कापलेले असावे किंवा पृष्ठभाग डांबरी असावा. धावपट्टीच नसेल आणि विमान हाताने फेकून पोटावर उतरवायचे असेल, तर कोणतेच लो-विंग विमान घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. फेकताना धरायला पंखाखाली धड नसते, आणि पोटावर उतरताना जमिनीला पहिल्यांदा पंखच लागतो. त्यामागोमाग एलेरॉनच्या खालच्या बाजूला असलेल्या सर्व्होच्या (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांड्या आणि दातेही धोक्यात येतात.

फोर-स्टार 40 हे वेगळ्या प्रकृतीच्या माणसासाठी आहे. त्याच्या नावातले 40 म्हणजे 0.40 घनइंच, म्हणजे साधारण 6.5 सीसीचे इंजिन. त्याऐवजी तेवढ्याच ताकदीची विजेची मोटरही बसवता येते. पंखांचा पल्ला दीड मीटरच्या आसपास आहे आणि पंख मुळापासून टोकापर्यंत जवळजवळ सारख्याच रुंदीचा आहे. ही सारखी रुंदी दिसायला साधी असली तरी फार मोलाची आहे. असा पंख आधी मुळाशी ढिला पडतो, टोके शेवटपर्यंत धरून राहतात आणि एलेरॉनचा ताबा सुटत नाही. निमुळत्या पंखात नेमके उलटे होते, आणि मॉडेल लहान असेल तर ते आणखी बिघडते, कारण टोकाजवळच्या अरुंद पट्टीवर हवा लवकर सुटते. आकार मोठा असल्यामुळे फोर-स्टार दूरवरूनही स्पष्ट दिसते आणि वाऱ्यात कमी हेलकावते. त्याच्या शेपटीला चाक आहे, म्हणून उड्डाणाच्या धावेत रडर (शेपटीचे उभे सुकाणू) सतत वापरावा लागतो. रडर कायम विसरणाऱ्या पायलटला हा चांगला धडा आहे, पण त्यात एक नवी गोष्ट शिकायची वाढते हे मान्य केले पाहिजे. बाल्साची दुरुस्ती करायला वेळ आणि निगुती लागते. फोमचा तुकडा योग्य गोंदाने तिथल्या तिथे जोडता येतो. बाल्साच्या तुटलेल्या पट्ट्या बदलून वर आवरणाची फिल्म इस्त्रीने पुन्हा ताणून बसवावी लागते.

या दोन्ही आकारांच्या विमानांची तुलना करताना लोक पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर किती ग्रॅम वजन येते एवढाच आकडा पाहतात आणि तिथे फसतात. समजा एक विमान 900 ग्रॅमचे असून त्याच्या पंखाचे क्षेत्रफळ 20 चौरस डेसिमीटर आहे, आणि दुसरे 2400 ग्रॅमचे असून क्षेत्रफळ 39 आहे. पहिल्याचा भार 45 आणि दुसऱ्याचा 61 च्या वर येतो, म्हणून दुसरे जास्त खट्याळ वाटते. पण वजनाला क्षेत्रफळाच्या दीड घाताने भागले, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले त्याचे वर्गमूळ असा भाजक घेतला, तर दोन्हींचा आकडा 10 च्या आसपास येतो, आणि उडवताना ती खरोखरच सारख्या स्वभावाची वाटतात. कोणतेही पहिले लो-विंग विमान घेण्यापूर्वी हा हिशेब कागदावर करावा. 10 किंवा त्याखालचा आकडा मला आश्वासक वाटतो, 13 च्या पुढचे विमान मी या टप्प्यावर कोणालाही सुचवणार नाही. वजन धरताना बॅटरीसह धरावे. खोक्यावरचे वजन कधी कधी बॅटरीविना असते.

वजनाचा तोल पाहताना एक गोष्ट आवर्जून करावी, ती म्हणजे लो-विंग विमान उलटे धरून तोलावे. सरळ ठेवून पंखाखाली बोटे लावली तर बहुतेक वजन बोटांच्या वर राहते आणि विमान इकडे-तिकडे कलंडते, त्यामुळे तोल मागे आहे की पुढे हे कळतच नाही. उलटे धरले की धड खाली लोंबते आणि नाक किंचित खाली झुकलेले स्वच्छ दिसते. माहितीपुस्तिकेत दिलेल्या बिंदूवर, आणि पहिल्या उड्डाणाला त्याच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढेच, तोल ठेवावा. बॅटरी पुढे-मागे सरकवून हे सहज साधते. बॅटरीची जागा एकदा ठरली की तिथे पेनाने रेघ ओढून ठेवावी. एलेरॉन आणि एलेव्हेटरला कमी हालचालीची सोय स्विचवर ठेवून 25 ते 30 टक्के एक्स्पो (काठीच्या मध्याजवळ प्रतिसाद मवाळ करणारी रिमोटची सोय) द्यावा. तोल मागे गेलेले विमान मात्र कोणत्याही एक्स्पोने सुधारत नाही.

उतरण्याच्या बाबतीत खालच्या पंखाची स्वतःची एक लकब आहे. पंख जमिनीच्या अगदी जवळ येत असल्यामुळे त्याखालची हवा त्याला शेवटी धरून ठेवते आणि विमान धावपट्टीवर अपेक्षेपेक्षा लांबपर्यंत तरंगत जाते. म्हणून वरच्या पंखाच्या विमानासारखे थ्रॉटल पूर्ण बंद करून झोकात आणण्यापेक्षा, थोडी शक्ती ठेवून, बेताच्या वेगाने सपाट वाटेने आणावे, आणि चाके जमिनीपासून हातभर उंचीवर आल्यावर थ्रॉटल हळूहळू काढून घ्यावा. टी-28 असे केल्यावर मुख्य चाकांवर शांतपणे बसते आणि नाक नंतर खाली येते. तरंगण्याच्या अवस्थेत एलेव्हेटर जोरात ओढला तर ते पुन्हा उचलते आणि वेग गमावून आपटते. फोर-स्टार तिन्ही चाकांवर एकदम बसवता येते, पण त्याला सरळ ठेवण्यासाठी विमान थांबेपर्यंत रडर हातात राहिला पाहिजे.

रंगाकडेही लक्ष द्यावे. कलते विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे हा गोंधळ ढगाळ आकाशात फार लवकर होतो, म्हणून पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचे रंग किंवा पट्टे अगदी वेगळे असावेत. टी-28 च्या पिवळ्या रंगसंगतीला मी याच कारणाने पसंती देतो. राखाडी रंगाचे कोणतेही पहिले विमान टाळावे.

माझा कौल टी-28 ला आहे. छाटलेले गवत किंवा डांबरी पट्टी उपलब्ध असलेल्या आणि वरच्या पंखाच्या विमानावर एलेरॉनने आत्मविश्वासाने वळणाऱ्या माणसाने तेच घ्यावे. ज्याला बाल्साचे काम मनापासून आवडते, ज्याचे मैदान मोठे आहे आणि ज्याला शेपटीच्या चाकावरचे विमान शिकायचेच आहे, त्याने फोर-स्टार घ्यावे. स्पिटफायर त्यानंतरच, आणि तेव्हाही आत ओढली जाणारी चाके नसलेली आवृत्ती आधी पाहावी.