अँटिव्हायरस चांगला आहे, पण त्याची की मला वाचता येत नाही

मला वयाच्या बाविसाव्या वर्षापासून अजिबात दिसत नाही. राहतो मिरजेत, ऑफिस सांगलीत, आणि संध्याकाळी घरी बसून गणपती पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांचे जीएसटीचे हिशोब करून देतो, त्यामुळं लॅपटॉपमध्ये लोकांचे पासवर्ड, बिलं, बँकेचे कागद सगळं असतं आणि अँटिव्हायरस लागतोच. गेल्या महिन्यात विश्रामबागच्या एका दुकानातून एक वर्षाचा, एका पीसीचा खोका आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कंपनीचा घेतला होता त्यातही हेच झालं होतं.

खोका हातात घेतला की वर कुठलं खाली कुठलं काही कळत नाही, चारी बाजू गुळगुळीत. उघडल्यावर आतनं एक सीडी (माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही), दोन जाहिरातीचे कागद, एक माहितीपत्रक आणि एक कार्ड निघालं. अँटिव्हायरस चालू करायला टाकावी लागणारी की, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा गुप्त कोड, त्या कार्डावर आहे हे मला अनुभवानं माहीत होतं, पण कार्डाच्या कुठल्या बाजूला, तर नखानं चाचपत चाचपत ती स्क्रॅचची पट्टी शोधायची, थोडी खरखरीत लागते. मग नाण्यानं खरवडायची. किती खरवडायची हे डोळ्यांनी बघणाऱ्याला कळतं, मला नाही. कमी खरवडली तर अर्धी अक्षरं झाकलेली राहतात, जास्त खरवडली तर खालची छपाईच निघते. एवढ्या पैशाच्या वस्तूवर नाणं घासताना हात थरथरतो हो.

मग मोबाईल. कॅमेऱ्यासमोर धरलेलं बोलून दाखवणारी ॲप असतात, सीइंग एआय आता अँड्रॉइडवर पण आहे, गूगलचं लुकआउट पण आहे, दोन्ही चांगली आहेत, दुकानाच्या पाट्या, लाइट बिल, औषधाच्या बाटलीवरचं नाव बऱ्यापैकी वाचतात. पण बिल वाचताना एखादं अक्षर चुकलं तरी वाक्यावरनं अर्थ लागतो, कीमध्ये कसला अर्थ लागणार? वीस अक्षरं, त्यात शून्य आणि ओ, आठ आणि बी, पाच आणि एस. एका ॲपनं एक सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. विंडोजच्या २५ अक्षरी कीमध्ये शून्य आणि ओ, एक आणि आय ही अक्षरं ठेवलेलीच नाहीत, म्हणजे हा घोळ होतो हे सॉफ्टवेअरवाल्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे. या कंपनीनं तेवढं जरी केलं असतं तरी माझी निम्मी चाचपड वाचली असती, आणि दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पण.

पाच वेळा टाकून बघितली. पाचव्यांदा चुकल्यावर स्क्रीनवर म्हणे लाल अक्षरात आलं होतं की एक तास थांबा. माझ्या स्क्रीन रीडरनं (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम) ते वाचलंच नाही, कारण तो मेसेज तसा बनवलेलाच नाही, नुसता चित्रासारखा उमटतो. मी आपला तासभर टाकत बसलो, आणि मला वाटत राहिलं की माझंच बोट चुकतंय. शेवटी इचलकरंजीच्या भाचीला व्हिडिओ कॉल लावला, कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, ती म्हणाली "मामा, थोडं डावीकडं घ्या, आता वर," असं करत करत तिनं वाचली. एका फटक्यात ॲक्टिव्हेट झालं.

भाची घरची आहे म्हणून ठीक. पण दुकानातला पोरगा आधी म्हणाला होता, "काका, मी वाचून दाखवतो की." पोरगा मनानं चांगला, पण दुकानात तेव्हा आणखी तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. की मोठ्यानं वाचायची म्हणजे माझी वस्तू सगळ्यांसमोर उघडी करायची, कारण एकाच पीसीचं लायसन्स आहे, जो आधी टाकेल त्याचं. एटीएमचा पिन कुणी असा मोठ्यानं वाचायला सांगेल का?

आता लायसन्सचा करार. इन्स्टॉल करताना ती लांबलचक अटींची खिडकी येते, त्यातल्या मजकुरावर कर्सर जातच नाही, टॅब दाबला की थेट 'मला मान्य आहे' वर. म्हणजे न वाचता मान्य करा नाहीतर पैसे गेले. लोक म्हणतील दिसणारे तरी कुठं वाचतात. नसतील वाचत, पण त्यांना वाचायची सोय आहे, मला नाही, आणि सही दोघांची सारखीच धरतात. एनव्हीडीए बघा, मी वापरतो तो स्क्रीन रीडर, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका अंध पोरानं सुरू केलेला, फुकट आहे, कीची भानगडच नाही, पेन ड्राइव्हवर टाकून कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवता येतो. त्याची फाइल उघडली की इन्स्टॉल व्हायच्या आधीच बोलायला लागतो आणि लायसन्सच्या अटी ओळीओळीनं वाचता येतात, मग चौकटीवर खूण. म्हणजे हे करता येतं. पैसे न घेणाऱ्यांनी केलंय.

आत शिरल्यावर अँटिव्हायरस मात्र खरंच चांगला आहे, हे पण लिहिलं पाहिजे. लॅपटॉप जड होत नाही, पेन ड्राइव्ह लावला की लगेच तपासतो, मुख्य पानावरची बटणं टॅबनं सापडतात आणि त्यांची नावं पण बोलली जातात. फक्त किती दिवस उरलेत ते एका गोल चित्रात दाखवलंय, तिथं गेलं की नुसतं 'ग्राफिक' ऐकू येतं. मागच्या वेळी असंच होऊन जुना संपला ते मला अकरा दिवसांनी कळलं, तेही एक गिऱ्हाईक घरी आलं आणि त्यानं स्क्रीन बघून सांगितलं म्हणून. ते अकरा दिवस व्यापाऱ्यांचे सगळे पासवर्ड उघड्यावर होते, आणि ती जबाबदारी माझी होती.

सोप्या गोष्टी मागतोय मी. कार्डाचा एक कोपरा कापा म्हणजे सुलटी बाजू कळेल. बिल करतानाच की माझ्या नंबरवर एसएमएसनं पाठवा, म्हणजे मोबाईल अक्षर अक्षर बोलून दाखवेल. नुसतं ब्रेल छापून पण भागत नाही, कारण मोठेपणी दृष्टी गेलेल्या माझ्यासारख्या बऱ्याच जणांना ब्रेल नीट वाचता येत नाही. युरोपात औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये छापायचं हा कायदाच आहे, २००४ पासूनचा, ते चांगलंच. पण परदेशात हर्बल इसेन्सेसनं शाम्पूच्या बाटलीवर उभ्या रेघा आणि कंडिशनरवर गोल ठिपके उठवले, ते मला जास्त पटतं, ब्रेल येवो न येवो, ओल्या हाताला पण कळतं. आमच्या घरात बायकोनं तेच केलंय, बीपीच्या बाटलीला एक रबर, शुगरच्या बाटलीला दोन.

आणि ही काही मेहेरबानी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४२ माहिती तंत्रज्ञानाचं आहे आणि कलम ४३ रोजच्या वापराच्या वस्तूंचं, सगळ्यांना वापरता येतील अशा वस्तू बनतील हे सरकारनं बघायचं असं त्यात आहे. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं केवायसीच्या खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, राज्यघटनेच्या कलम २१ खाली.

दुकानाला पाच स्टार. मी परत जाऊन सगळं सांगितलं तर मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि आता कुणी दिसत नाही असं गिऱ्हाईक आलं की ते आतल्या खोलीत कार्ड खरवडून की त्या माणसाच्याच व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवतात, फोटो नाही, टाइप करून. तुम्ही घेणार असाल तर दुकान कुठलंही असो, आधीच असं मागून घ्या, आणि संपायची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये घाला.

अँटिव्हायरसला चार, खोक्याला आणि ॲक्टिव्हेशनला एक. कंपनीला ईमेल केला होता. उत्तर आलं ते स्कॅन केलेल्या पत्राचा फोटो जोडून, तो पण भाचीकडूनच वाचून घेतला. 'सूचनेची नोंद घेतली आहे' एवढंच होतं. परत लिहिलंय की उत्तर मजकुरात पाठवा. आलं की इथंच खाली टाकतो.