फायफॉक्स: अ‍ॅप फुकट, पण फोनमध्ये बॅरोमीटर हवा

जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने 2016 मध्ये आणलेलं फायफॉक्स फोनमधल्या सेन्सरांचे कच्चे आकडे थेट आलेखात दाखवतं. अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालतं, जाहिराती नाहीत. लंबक, स्प्रिंग वगैरे शाळकरी प्रयोग चोख आहेतच. पण खरी गंमत हवेच्या दाबाची, आणि स्वस्त फोनमध्ये नेमका बॅरोमीटरच नसतो. आधी ते तपासा.

जिना चढताना पायांची शक्ती किती लागते, हे मोजायला 'प्रेशर' उघडा. तीन टिंबांच्या मेनूतून 'टाइम्ड रन' लावा: 5 सेकंद उसंत, 70 सेकंद मोजणी. खाली 10 सेकंद स्तब्ध उभं राहायचं, चार मजले चढायचे, वर पुन्हा तेवढंच थांबायचं. आलेखात दोन सपाट पट्टे दिसतात, त्यांच्या सरासरीतला फरक घ्या, त्यावरून चढलेली उंची निघते. 12 मीटरला मुंबईत साधारण 1.4 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक), पुण्यात हवा विरळ म्हणून 1.3. आता वजन गुणिले 9.8 गुणिले उंची, भागिले वेळ. 65 किलोचा माणूस 40 सेकंदांत चढला तर सुमारे 190 वॉट. शरीर मात्र याच्या चौपट-पाचपट ऊर्जा जाळतं, स्नायूंची कार्यक्षमताच 20-25 टक्के.

फोन मुठीत आवळून धरू नका, घट्ट जीन्सच्या खिशातही नको. वॉटरप्रूफ फोनचं कवच दाबलं की आतला दाब वाढतो आणि चढता चढता तुम्ही खाली आल्याचं दिसतं! सैल पिशवी उत्तम. एसीच्या इमारतीत दार उघडलं की आलेखात टोक येतं, ते सोडून द्या.

दिवसभराच्या ट्रेकला मात्र एवढ्यावर भागत नाही. आपल्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला दाब सर्वात जास्त असतो, दुपारी चारपर्यंत तो 3-4 हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे टेबलावर पडलेला फोनही 'तीसेक मीटर चढतो'. ठाऊक उंचीच्या जागी मधूनमधून ताळा करा, नाहीतर दुसरा फोन पायथ्याशी चालू ठेवून त्याचे आकडे वजा करा. दोन्हींची सीएसव्ही (आकड्यांच्या तक्त्याची) फाइल निघते, घड्याळं तेवढी आधी जुळवून घ्या.

मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, वापरायचा तर चुंबकाचं फ्लिप कव्हर काढा. मोकळ्या मैदानात 40 ते 50 मायक्रोटेस्लाच्या बाहेर आकडा गेला, तर दोष बहुधा कव्हरचाच.