तळ्याकाठचं घर, साठीनंतर: राधानगरी की पाटगाव?

निवृत्तीनंतर पाण्याकाठी राहायचं म्हटलं की कोल्हापूरकरांचं बोलणं फिरून फिरून राधानगरीच्या लक्ष्मी तलावावर नाहीतर पाटगावच्या मौनी सागरावर येतं. मध्येच कुणीतरी काळम्मावाडी सुचवतो, पण जागा बघायला गाड्या जातात त्या या दोन दिशांना. सातबारा, एनए, अभयारण्याभोवतीचे नियम हे सगळं तुम्ही विचारून झालेलं असेलच. ते इथे पुन्हा उगाळत नाही. प्रश्न एवढाच आहे की तुम्हाला स्वतःला, किंवा तुमच्या आई-वडिलांना, तिथे रात्री दुखायला लागलं तर पुढे काय?

देखाव्यात पाटगाव चार पावलं पुढे, त्यावर वाद नको. वेदगंगेचं पाणी, तिन्ही बाजूंनी उतरलेलं रान, मधाचं गाव म्हणून झालेलं नाव, आणि रात्री खरोखरची शांतता. राधानगरी हे तालुक्याचं गाव. स्टँड आहे, बाजार आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, मेडिकल आहेत आणि गर्दीही आहे. कोल्हापूर तिथून साधारण 55 किलोमीटर. पाटगावहून आधी गारगोटी गाठायची, 35 किलोमीटर, आणि गारगोटीपासून कोल्हापूर आणखी 50. ग्रामीण रुग्णालय गारगोटीलाही आहे, पण ते तुमच्या दारापासून 35 किलोमीटरवर.

आता माणसांचा हिशेब. डोंगरी भागात 20,000 लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 ला एक उपकेंद्र, असा सरकारी निकष आहे. ही लोकसंख्या जनगणनेची, म्हणजे 2011 ची. त्यानंतर तळ्याकाठची माणसं पार बदलली. तरणीताठी पोरं कागल, गोकुळ शिरगाव, पुणे, मुंबईला गेली. मागे उरले बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असलेले म्हातारे. त्यात आता तुमच्या-आमच्यासारखे निवृत्त लोक शहरातून येऊन भर घालतायत. शिवाय मे महिना, गणपती आणि जत्रेला मुंबईकर, जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्याला येणारे, शनिवार-रविवारी रिसॉर्टवाले. यातलं कुणीच त्या निकषात धरलेलं नाही. कागदावर माणसं तेवढीच, पण त्यांची वयं वाढली आणि रविवारची गर्दी निराळीच. दोन्ही ठिकाणी हेच चित्र आहे. मात्र ते जाचतं वेगवेगळ्या तऱ्हेने.

पक्षाघाताचा हिशेब करून बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच, म्हणून कोल्हापूरच गाठायचं असं धरा. तोंड वाकडं झालंय हे घरच्यांच्या ध्यानात येऊन फोन होईपर्यंत अर्धा तास जातोच. पाटगावला 108 ची गाडी गारगोटीकडून यायची असेल तर रात्रीच्या रस्त्याने एक तास. रुग्णाला घ्यायला पाव तास, परत गारगोटी एक तास, पुढे कोल्हापूर सव्वा तास. झाले चार तास. सीटीला उरला अर्धा. राधानगरीहून हाच हिशेब अडीच तासांत बसतो. आकडे ढोबळ आहेत, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील. पण एक गोष्ट लोक विसरतात: रुग्णवाहिका बाहेरून यायची असेल तर ते अंतर दोनदा मोजावं लागतं.

यावर सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, आपली गाडी आहे की दारात. बरोबर आहे. स्वतःच्या गाडीने पाटगावहून निघालात तर तोच प्रवास फोनच्या अर्ध्या तासासकट तीन तासांत होतो. किंवा घरची गाडी काढून कडगावच्या दिशेने पुढे जायचं आणि समोरून येणाऱ्या 108 ला वाटेतच गाठायचं. त्यातही बराच वेळ वाचतो. प्रश्न गाडीचा नाहीच. रात्री दोन वाजता ती चालवणार कोण?

माझा कौल ज्या एका गोष्टीवर फिरला ती हीच, आणि जागा बघायला गेल्यावर ती कधी दिसत नाही. आपण जातो रविवारी. तेव्हा वाडीत पोरं असतात, अंगणात चार मोटारसायकली असतात, कुणीही "कवाबी हाक मारा" म्हणतो. सोमवारी सकाळी ती पोरं कामावर जातात ती थेट पुढच्या शनिवारी उगवतात. तळ्याकडेच्या नव्या बंगल्यांना कुलूप, कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा लुकलुकत असतो. किल्ली राखणदाराच्या घरी खिळ्याला, गाडी ताडपत्रीखाली, आणि महिनाभर सुरूच न केल्यामुळे बॅटरी उतरलेली. राखणदाराचं वय पासष्ट, त्याला सायकलशिवाय काही येत नाही. ज्याला दुखतंय तोच घरात एकटा गाडी चालवणारा असेल, तर ती दारात असून नसून सारखीच. छातीत कळ येत असताना स्टिअरिंगवर बसणं हा उपाय नव्हे, वाटेत शुद्ध हरपली तर दोघंही गेले.

राधानगरीत हा प्रश्न वडापवाल्यांनी, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या जीपवाल्यांनी, सोडवलाय. वडापच्या जीपा रात्री गावातच असतात, ड्रायव्हर तिथेच झोपतात, आणि कोल्हापूरचा रस्ता त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. तिघांचे नंबर घेऊन ठेवले की एक तरी उठतो. हे कुठल्या सरकारी यादीत सापडायचं नाही, पण माझ्या लेखी दवाखान्यातल्या दोन खाटांपेक्षा त्याचं मोल जास्त.

म्हणून राधानगरी निर्वेध आहे असं मात्र समजू नका. पावसाळ्यातल्या रविवारी राऊतवाडीच्या धबधब्याला लोटणारी गर्दी रस्ता अडवते, आणि घसरून पडलेले, गाडीवरून आपटलेले सगळे त्याच एका दवाखान्यात येतात. अशा दिवशी बीपी दाखवायला गेलात तर ताटकळत बसाल, मंगळवार-बुधवार बरा. साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळपाचा हंगाम. परित्याला भोगावती कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री रिफ्लेक्टरशिवाय धावतात, वेळ वाढवून धरा. पाटगाववाल्यांनाही ही सुटका नाही, त्यांच्या वाटेवर बिद्रीचा कारखाना आहेच. दाजीपूरच्या अंगाला घर घेतलंत तर रात्री रस्त्यात गवा उभा असतो, आणि राधानगरीचं सगळं सोयीचं गणित तिथे संपतं. घ्यायचं तर गावाजवळच.

पावसाचा मुद्दा दोघांना सारखा वाटतो, पण थोडा फरक आहे. राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांपैकी एक उघडला की 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं, असे दरवाजे सात. पुढे पंचगंगा वाढते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. पाणी 39 च्या जवळ आलं की औषधं मोजायला घ्या. तरी राधानगरीहून मुदाळतिट्ट्याकडून निपाणी आणि फोंडा घाटातून कणकवली अशा आणखी दोन वाटा निघतात. 2019 आणि 2021 सारख्या पुरात महामार्गच बंद पडतो आणि घाटात दरड येते, हे खरं. पण तीनातली एक वाट चालू सापडण्याची आशा तरी असते. पाटगावची सगळी मदार गारगोटीच्या रस्त्यावर.

दोन्हीकडे लागणारी तयारी सारखीच. जून उजाडण्याआधी 45 दिवसांच्या गोळ्या घरात हव्यात. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडलं नाही तर चारेक तास गारवा टिकतो. वापरात असलेली बाटली साध्या गार जागी 28 दिवस चालते, बर्फाला मात्र टेकवू नका. ऑक्सिजन लागत असेल तर पाच लिटरचं यंत्र 300 ते 350 वॅट खातं, 150 एएचच्या एका बॅटरीवर ते साडेतीन-चार तासांपुढे जात नाही. शेजारी बी टाइप सिलिंडर भरून ठेवा, मिनिटाला दोन लिटरने तो बारा तास पुरतो. साप चावला तर पट्टा आवळून बांधू नका. हातपाय हलू न देता थेट रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यावर सर्पविषरोधक लस चालते आणि सुरुवातीलाच दहाएक कुप्या लागतात, म्हणून साठा किती आहे ते पावसाआधी विचारून ठेवा. झाडावरच्या हिरव्या चापड्यावर मात्र ती लस उपयोगी नाही, तिथे लक्षणं बघून उपचार होतात. साप कोणता होता हे डॉक्टरांना सांगता आलं तर बरं, पण तो पकडायला जाऊ नका.

डायलिसिस सुरू असेल तर मात्र दोन्ही सोडा. आठवड्याला कोल्हापूरच्या तीन फेऱ्या म्हणजे राधानगरीहून 330 किलोमीटर आणि पाटगावहून 510, वर दर खेपेला चार तास यंत्रावर. त्यापेक्षा कोल्हापूरला लागून असलेल्या कळंब्याला घर घ्या, तळं तिथेही आहे.

आणि घरात पन्नाशीच्या आतलं, गाडी चालवणारं माणूस कायम राहणार असेल तर पाटगावला नाही म्हणायला माझ्याकडे फारसं कारण उरत नाही. तसं नसेल तर मी राधानगरीच सुचवेन. मन मौनी सागराकडेच ओढत असेल तर इसार देण्याआधी ऑगस्टातल्या एखाद्या मंगळवारी तिथे मुक्काम करा. रात्री नऊला वाडीतून एक चक्कर मारून दिवे लागलेली घरं मोजा. मग त्यांतल्या किती घरांत गाडी चालवता येणारं माणूस त्या रात्री झोपायला आहे, ते दार ठोठावून विचारा.