क्लासचं लेक्चर रेकॉर्ड करताय? ओबीएसमध्ये कुठली व्हिडिओ सेटिंग घ्यावी

दादरच्या क्लासमध्ये टॅलीचा किंवा एक्सेलचा तास ओबीएस या स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड होतो आणि मुलं तो डोंबिवलीच्या लोकलमध्ये, मोबाइलवर बघतात. तिथे सेलमधला आकडा वाचता आला पाहिजे, हीच कसोटी. गेम रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी दिलेले सल्ले म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

७२० की १०८० (म्हणजे चित्राची पिक्सेलमधली उंची)? लॅपटॉपचा स्क्रीन १९२०×१०८० असेल तर १०८०च. सेटिंग्जमधल्या ‘व्हिडिओ’मध्ये बेस (स्क्रीनचं) आणि आउटपुट (फाइलचं) रिझोल्यूशन एकच ठेवा. १०८०चं ७२० करताना दर दीड पिक्सेलचा एक होतो. एक्सेलच्या बारीक रेघा, अनुस्वार, दशांशचिन्हं आधी फिकट पडतात. उलट, १३६६×७६८च्या जुन्या स्क्रीनचं १०८० केलं तर तपशील वाढत नाही, अक्षरं नुसती पसरतात. तिथे ७६८च राहू द्या. मोबाइलवर वाचता येण्यासाठी खरा उपाय एक्सेलचा झूम १५० टक्के करणं हा आहे. निळ्या पट्टीवर लाल अक्षरंही टाळा. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती उभी-आडवी निम्म्याच बारकाईने साठवली जाते, त्यामुळे अशा अक्षरांच्या कडा विरघळतात. पांढऱ्यावर काळं स्वच्छ दिसतं.

सेकंदाला ३० फ्रेम की ६०? शिकवण्याच्या रेकॉर्डिंगला ३० पुरतात. ६० घेतल्या तर एन्कोडरचं, म्हणजे चित्र दाबून फाइलमध्ये बसवणाऱ्या भागाचं, काम दुप्पट होतं. स्क्रीनवर ॲनिमेशन किंवा गेम असेल तरच ६०चा विचार करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा खर्च करायचा यात. सीबीआर (कायम एकच बिटरेट) ही लाइव्ह प्रक्षेपणाची पद्धत. स्लाइड दहा मिनिटं जागची हलली नाही तरी ती ठरलेला बिटरेट खर्च करत राहते. ६००० केबीपीएसला (सेकंदाला ६००० किलोबिट) तासाला साधारण २.७ जीबी, म्हणजे दोन तासांच्या बॅचची ५.४ जीबीची फाइल. एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. सीआरएफ किंवा सीक्यूपी या पद्धतींमध्ये एका आकड्याने तुम्ही दर्जा ठरवता आणि आकार गरजेप्रमाणे बदलतो: स्थिर स्लाइडला अगदी थोडा, स्क्रोल करताना जास्त. रेकॉर्डिंगला हीच पद्धत घ्या. ‘आउटपुट’मध्ये मोड ‘ॲडव्हान्स्ड’ करून ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडा आणि हा आकडा २० ठेवून सुरुवात करा. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. एक्स२६४ या प्रोसेसरवर चालणाऱ्या एन्कोडरमध्ये तो ६ने वाढवला की आकार ढोबळमानाने निम्मा होतो. २३पर्यंत जायला हरकत नाही. पुढे जायचं तर आधी लहानात लहान अक्षर मोबाइलवर तपासा.

एन्कोडर एक्स२६४ घेतला तर भार प्रोसेसरवर पडतो. सोबत ऑनलाइन वर्गही चालू असेल तर ‘एन्कोडिंग ओव्हरलोडेड’चा इशारा येतो आणि चित्र अडखळतं. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हेन्क, इंटेलचं ग्राफिक्स असेल तर क्विकसिंक हा एन्कोडर निवडा; हे काम ग्राफिक्सच्या चिपवर करतात. त्याच दर्जाला फाइल थोडी मोठी होईल, पण तास बिनअडथळा पार पडेल.

फाइल एमकेव्ही या प्रकारातच साठवा. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच लॅपटॉप बंद पडला तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचा भाग शाबूत राहतो. नंतर ‘फाइल’ मेनूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ने दर्जा न गमावता त्याची एमपी४ करून मुलांना पाठवा.