सूट मिळाली, तरी गाडी महाग का पडली?

नवी गाडी घेताना फसलेला माणूस बहुतेक वेळा खुशीतच शोरूमबाहेर पडतो. सूट मिळालेली असते, आणि ती खरीही असते. ग्राहक किमतीवर घासाघीस करायच्या तयारीने येतो हे विक्रेत्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तिथे तो थोडं सोडतो आणि ग्राहकाचं लक्ष नसतं तिथून भरून काढतो. जुनी गाडी, कर्ज आणि बिलाच्या खालच्या ओळी, या त्याच्या हक्काच्या जागा.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: "सर, महिन्याला हप्ता किती बसवू?" मग कागदावर चार चौकोन आखले जातात. नव्या गाडीची किंमत, जुनीचा भाव, डाउन पेमेंट, हप्ता. ग्राहक एका चौकोनावर अडला की तिथला आकडा खाली येतो आणि शेजारचा गुपचूप वर सरकतो. समजा नव्या गाडीवर ४ टक्के सूट मिळाली. जुन्या गाडीचा बाजारभाव नवीच्या किमतीच्या ४० टक्के आहे आणि ती १५ टक्के कमी भावात धरली, तर तिथेच नव्या गाडीच्या किमतीचे ६ टक्के गेले. चार मिळाले, सहा दिले, वर पेढे वाटले. त्यात "मूल्यांकनाला नेतो" म्हणून जुन्या गाडीची किल्ली आत गेलेली असते. ती परत यायला तासभर लागतो, आणि किल्लीविना माणूस उठून जात नाही. जुन्या गाडीचा भाव आधीच बाहेर दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा. नवीचा सौदा लेखी ठरेपर्यंत जुनीचा विषयच काढू नका.

हप्त्याच्या प्रश्नाला आकडा सांगितला की संपलं. हप्ता कमी करायला गाडी स्वस्त करावी लागत नाही, मुदत वाढवली की झालं. ९ टक्के दराने १,००,००० च्या कर्जाला ६० महिन्यांचा हप्ता साधारण २,०७६ बसतो, ८४ महिन्यांचा १,६०९. पहिल्यात एकूण व्याज सुमारे २४,५५०, दुसऱ्यात ३५,१५०. उलटा डावही असतो. खरा हप्ता २,०७६ असताना सुरुवातीलाच २,२०० सांगायचा. त्या १२४ च्या फरकात ६० महिन्यांत, व्याज वजा जाता, जवळपास ६,००० चं कोटिंग, कव्हर आणि वाढीव वॉरंटी मावते. मग ते सगळं "याच हप्त्यात बसवून दिलं" असं ऐकवलं जातं.

व्याजदर विचारताना 'फ्लॅट' की 'घटत्या शिल्लकीवर' हे स्पष्ट विचारा. फ्लॅट ७ टक्के ऐकायला गोड. ५ वर्षांसाठी १,००,००० वर व्याज ३५,०००, हप्ता २,२५०. हाच हप्ता घटत्या शिल्लकीच्या हिशेबात साडेबारा टक्क्यांच्या आसपास येतो, कारण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर आकारलं जातं. बँकेकडून कर्जमंजुरी आधीच घेऊन गेलात तर हा चौकोन त्यांच्या हातातूनच जातो. कर्ज मंजूर व्हायच्या आधी "गाडी घेऊन जा, कागद मागाहून होतील" असं कुणी म्हणालं तर नेऊ नका. चार दिवसांनी "त्या दराने मंजूर झालं नाही" असा फोन येतो. तोवर घरच्यांनी गाडीला हार घातलेला असतो आणि वाढीव दरावर मुकाट सही होते.

"साहेबांना विचारून येतो" या फेऱ्यांकडे फार लक्ष देऊ नका. ठरलेला आकडा साहेबांनी 'नाकारला' की ग्राहक थोडा वर चढतो, कारण मनाने त्याने गाडी घेतलेली असते. महिनाअखेरीचं टार्गेट मात्र खोटं नसतं. ठराविक गाड्या विकल्या की डीलरला कंपनीकडून जादा रक्कम मिळते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात स्टॉकमधल्या गाडीवर खरोखर जास्त सुटतं.

भाव तीन डीलरांकडून लेखी मागवा, मॉडेल, व्हेरिएंट आणि रंग तोच ठेवून, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. 'हाताळणी', 'कागदपत्रं', 'अत्यावश्यक किट' अशा ओळींपुढे "हे सरकारी आहे की तुमचं?" एवढंच विचारा. त्यांचं असेल तर ते कमी होऊ शकतं. टायरमधल्या नायट्रोजनचे वेगळे पैसे लावणाऱ्याला सांगा, साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच. वाढीव वॉरंटी कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर लागू होते आणि बहुतेक ठिकाणी नंतरही घेता येते, तेव्हा त्याच दिवशी घ्यायची घाई नको. बुकिंगच्या पावतीवर दोन गोष्टी शोधा: रक्कम परत मिळेल का, आणि किंमत बुकिंगच्या दिवशीची की डिलिव्हरीच्या दिवशीची.

शेवटचा फटका गाडी ताब्यात घेताना बसतो. वर्षभर पडून राहिलेली, डेमोला फिरलेली किंवा वाहतुकीत घासून रंगवलेली गाडी 'नवी' म्हणून पुढे केली जाते. चॅसिसवरचा १७ अक्षरी क्रमांक बिलाशी अक्षर न् अक्षर जुळवा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचवा टायर असेल तर तोही बघा. टायर गाडीच्या उत्पादनाच्या थोडा आधीचा असायला हवा. गाडीपेक्षा टायरच नवा निघाला तर तो बदललेला आहे, आणि का बदलला याचं उत्तर लेखी घ्या. फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला असेल तर तिथे पाना लागला आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. एकच पत्रा २०० च्या वर गेला तर तो पुन्हा रंगवला असण्याची शक्यता दाट. गाडी दिवसाउजेडी आणि कोरडी बघा, ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत.

हे सगळं नोंदणीच्या आधी व्हायला हवं. नोंदणी तुमच्या नावावर झाली की "ही नको, दुसरी द्या" म्हणायला जागा उरत नाही. "गोदामात ग्राहकाला सोडत नाही" असं उत्तर मिळालं तर गाडी शोरूमला आणून दाखवायला सांगा, आणि तोवर उरलेली रक्कम भरू नका.