रापा नुईवर सर्वेक्षण: पायी फिरावं की वरून पाहावं?

आपल्याकडे पुरातत्त्वाचा विद्यार्थी शेतातून चालू लागला की त्याची नजर आपोआप खापरं शोधते. रापा नुईला, म्हणजे प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर, ही सवय घरीच ठेवून जावं लागतं. तिथे प्राचीन खापर सापडतच नाही. तिथल्या लोकांनी मडकी घडवली नाहीत. रांधायचं ते जमिनीतल्या दगडी भट्टीत. शोधायचे ते दगड, आणि बेट सगळं दगडांचंच! तीन-चार आठवडे, मोजकी माणसं आणि बेताचा पैसा हाताशी असेल, तर या सुमारे 163 चौरस किलोमीटरांवर पायपीट करावी की ड्रोन आणि उपग्रहचित्रांवर भिस्त ठेवावी?

पायी पद्धत साधी. दहा-दहा मीटरवर माणसं उभी करायची, एका रेषेत चालायचं, दिसेल त्याची जीपीएसवर नोंद करायची. दिवसभरात फार मोठा तुकडा होत नाही. पण गवतात अर्धा बुडालेला, तासलेला बेसाल्टचा लांबट दगड समोर आला, गुडघे टेकून माती झटकली आणि वरच्या कडेला गोल भोकं दिसली, की तो पाएंगा. उलट्या होडीच्या आकाराच्या घराचा हा पाया; भोकांत काठ्या रोवून वर छप्पर वाकवत. तोच दगड पुढे एखाद्या आहूत, म्हणजे मोआई (बेटावरचे प्रसिद्ध दगडी पुतळे) उभे करण्याच्या चौथऱ्यात, परत वापरलेलाही आढळतो. हे वरून कळणं कठीण. शिवाय 1953 पर्यंत बेटाचा बराच भाग मेंढ्यांचं कुरण होता, आणि त्या काळातल्या कुंपणांना जुन्या वास्तूंचे दगड लागले. फोटोत दोन्ही नुसत्या दगडी रेषाच. कुठलं कुंपण कोणत्या काळातलं, हे सांगायला बरोबर चालणारा रापानुई माणूस लागतो.

वरून पाहण्याचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. बेट बहुतांशी उघडं, गवताळ. त्यामुळे मानावाई, म्हणजे झाडं वाऱ्यापासून जपायला घातलेले दगडी गोल, ड्रोनमधून चटकन उठून दिसतात. रानो राराकूची खाण तर ड्रोनसाठीच बनलीय म्हणा: उभे कडे आणि अर्धवट कोरलेले मोआई. तिथे टेपने मोजत बसण्यापेक्षा हजारो फोटो जोडून त्रिमितीय नकाशा करणं केव्हाही शहाणपणाचं. वाऱ्याचा हिशेब मात्र धरा, बेटाला आडोसा नाही.

लायडारसाठी, म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून जमिनीचा उंचसखलपणा मोजण्यासाठी, रापा नुई हे मुळात चुकीचं उदाहरण. त्याचा खरा उपयोग झाडीखाली. प्रशांत महासागरातल्याच टोंगा देशाच्या टोंगाटापू बेटावर 2011 च्या हवाई लायडारमधून संगणकाने सुमारे 10,000 मातीचे उंचवटे हेरले. तेवढे चालून मोजायला किती हंगाम लागले असते कोण जाणे.

आता खरी गंमत. रापा नुईवर रताळ्यांच्या वाफ्यांवर दगड पसरत. ओल टिके, वारा अडे. हे ‘दगडी मळे’ किती, यावर बेटाची लोकसंख्या किती असेल याचे अंदाज बांधले गेले. आधीच्या उपग्रहचित्रांवरून आकडा आला 4.3 ते 21.1 चौरस किलोमीटर. 2024 मध्ये अवरक्त पट्ट्यातली नवी चित्रं आणि मशीन लर्निंग वापरून तो निघाला फक्त 0.76! आधीच्या मोजणीत नैसर्गिक खडक, रस्ते असं बरंच मळे म्हणून धरलं गेलं होतं. म्हणजे वरच्या नजरेनेच चूक केली आणि वरच्याच नजरेने सुधारली. पण यंत्राला मळा कसा दिसतो ते शिकवण्यासाठी आधी कोणीतरी प्रत्यक्ष मळ्यांत फिरून नोंदी केल्या होत्या, हे विसरू नका.

म्हणून माझं मत असं: घरं, भट्ट्या, अवजारं, वापराचा क्रम हा विषय असेल तर पायीच जा, आणि ड्रोन फक्त चांगल्या जागांच्या नकाशासाठी ठेवा. अख्ख्या बेटावरचा विस्तार मोजायचा असेल तर उपग्रहचित्रं घ्या, पण निम्मा वेळ पडताळणीसाठी राखा. पडताळणीला वेळच नसेल तर दुसरा विषय निवडा, खरंच. दोन्हीकडे परवानग्यांचा काळ धरावाच लागतो: चिलीची राष्ट्रीय स्मारक परिषद आणि उद्यान सांभाळणारी माउ हेनुआ ही स्थानिक संस्था यांच्याशी आधीच बोला. आहूवर पाय ठेवायचा नाही, हे ठरलेलंच.

बूट जाड तळव्याचे घ्या. ऑब्सिडियनच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या काचेच्या, कपच्या काचेसारख्या कापतात. आणि कपची कितीही देखणी असली तरी फोटो काढा, नोंद करा आणि जिथे होती तिथेच राहू द्या.