सातपुड्यात कॅम्परव्हॅनने: इंदूरच्या एका भाडेसेवेविषयी

मार्चअखेरीस इंदूरच्या एका भाडेसेवेकडून कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन आम्ही घरची मंडळी मध्य प्रदेशातील पचमढी आणि सातपुडा व्याघ्रप्रकल्पातील मढईला जाऊन आलो. गाडी चांगली होती, परंतु भाड्याचे पैसे सार्थकी लागले ते सेवेने सोबत दिलेल्या चालकामुळे, कारण त्यांना जंगलाची रीत ठाऊक होती.

भोपाळ, नर्मदापुरम आणि पिपरियापर्यंतचा रस्ता सोपा आहे. मटकुलीच्या पुढे घाट चढत असताना, संध्याकाळी एका वळणाच्या पलीकडे गव्यांचा कळप रस्ता ओलांडताना दिसला, तेव्हा चालकाने पुरेसे अंतर ठेवून गाडी थांबवली, दिवे मंद केले, इंजिन बंद केले आणि मागून येणाऱ्या मोटारीलाही हात दाखवून थोपवले. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत जाऊ शकते. असा प्राणी हॉर्नने बिथरला तर व्हॅनच्या पत्र्याचा काय आधार? गाडीच्या उंच, रुंद खिडकीतून त्यांचे गुडघ्याखालचे पांढरे पाय आणि शांत चाल आम्हाला हवा तितका वेळ पाहता आली.

रानात रस्त्याकडेला मुक्काम करता येत नाही, त्यामुळे सेवेने पचमढीत एका निवासाच्या आवारात जागा ठरवून दिली होती. मोहाची फुले पडण्याचा हा हंगाम असून त्यांच्यासाठी अस्वले पहाटे झाडांखाली येतात, म्हणून चालकाने उष्टे अन्न आणि कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवू दिली नाही. वानरांना बिस्किटे देऊ पाहणाऱ्या आमच्या मुलांनाही त्यांनी, आवाज न चढवता, अडवले. सकाळी आईने गाडीतल्या पलंगावर बसूनच समोरच्या झाडावर शेकरू पाहिले. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी तिने आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जंगलात चालणे शक्य नसलेल्या माणसाला कॅम्परव्हॅन काय देऊ शकते, ते मला तेव्हा नीट समजले.

मढईला मात्र व्हॅन अलीकडच्या तीरावरच राहते. देनवा नदी नावेने ओलांडून पुढे वनविभागाच्या परवानगीची जिप्सी (सफारीची उघडी जीप) घ्यावी लागते, तिचे आरक्षण आधीच करावे लागते आणि तो खर्च भाड्यात धरलेला नसतो. सेवेच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखच नव्हता; चालकाने निघण्यापूर्वी सांगितले म्हणून आमची सफारी झाली. तेथे सांबर आणि चितळ पुष्कळ दिसले. कान्ह्याहून आणून सातपुड्यात पुन्हा वसवलेला बारशिंगा दिसला नाही.

उणिवा गाडीच्या मांडणीत आहेत. दाराची पायरी इतकी उंच आहे की आईला दर वेळी दोघांनी आधार द्यावा लागला. एक घडीची पायरी जोडली तरी हा त्रास संपेल. छतावरील सौर पॅनेलच्या भरवशावर फ्रिज चालतो, परंतु दाट झाडीच्या सावलीत बॅटरी भरत नाही, आणि पहाटेपर्यंत दूध नासले. एका खिडकीची मच्छरदाणी फाटलेली होती, त्यामुळे ती बंद ठेवून झोपावे लागले. रात्री रातवा पक्ष्याची आणि दूरवरून चितळाच्या इशाऱ्याची हाक ऐकू येत असताना खिडकी लावून घेणे फार जिवावर आले. टाकीतले पाणी मात्र काटकसरीने वापरल्यास कुटुंबाला पुरते.

गाडी ठरवताना टोल, चालकाचा भत्ता आणि मुक्कामाच्या जागेचे शुल्क भाड्यात आहे की वेगळे, हे लेखी घ्यावे. मुक्कामी विजेची जोडणी मिळेल का, हेही विचारावे. सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील प्रवेश १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असतो, तेव्हा मढईसाठी जायचे असल्यास तारखा त्याबाहेरच्या निवडाव्यात. आम्ही थंडीत पुन्हा जाणार आहोत, आणि त्याच चालकांची मागणी आताच नोंदवून ठेवली आहे.